फ्रिजचा सा

बाहेरच्या खोलीत त्या संध्याकाळी गाण्याच्या सात गोष्टी होत्या. एक जाजम, त्यावर दोन आसनं, खोक्याएवढा इलेक्ट्रॉनिक तंबोरा, खोळीत गुंडाळलेला मृदंग, बंद पेटीतलं व्हायोलिन आणि प्लास्टरमधला एक हात.

हात डॉक्टरांचा होता. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि गेली वीस वर्षं आत्याच्या कर्नाटक संगीताच्या गाण्याला व्हायोलिनची साथ करणारे. आज ते आपल्या आसनावर न बसता खुर्चीत बसले होते. प्लास्टर त्यांनी मांडीवर असं ठेवलं होतं, जणू दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळतायत.

दोन आसनांमध्ये एक्याऐंशी सेंटिमीटर अंतर होतं. हे मोजपट्टीनं शाळेत असतानाच मोजून ठेवलं होतं. मोजपट्टी म्हणजे आत्याची भाची. हे नाव तिला काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं दिलेलं. लहानपणी सुट्टीत आली असताना तिनं ते झोपलेले बघून त्यांच्या टकलाचा घेर मोजला होता आणि तो जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितला होता. पुढे तिनं विज्ञानाची पदवी घेतली, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि ती आत्याकडेच राहायला आली. नाव मात्र तेच राहिलं.

"दवाखान्यात स्टुलावर चढून दिवा पुसत होतो," डॉक्टर म्हणाले. "खाली आलो ते स्टुलाच्या आधी."

"म्हणजे लायब्ररीचा कार्यक्रम गेला," आत्या म्हणाली. तिनं हे इतक्या सहज सांगितलं, की काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. दोन वर्षांच्या खंडानंतर ती लोकांसमोर गाणार होती. लायब्ररीच्या सभागृहात. महिना उरला होता. "उद्या कळवते त्यांना."

"दुसरा कुणी बघ की," काका म्हणाले.

"दुसरा म्हणजे कोण? तो प्राध्यापक? मी एक ओळ गायले की तो तीन वाजवतो. त्यापेक्षा मी घरी बसेन."

मोजपट्टीनं दुसऱ्या आसनाकडे बघितलं. ते आसन तिला आठ वर्षांची असल्यापासून हवं होतं. बक्षीस म्हणून नाही, तर जवळून ऐकायची जागा म्हणून. आत्या गायला लागली की त्या आसनावरचा माणूस तिच्या इतका जवळ असतो, की तिचा श्वास घेण्याचा आवाजसुद्धा त्याला आधी कळतो.

"मी वाजवीन," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही, हे हसण्यापेक्षा वाईट होतं. मोजपट्टी बारा वर्षं व्हायोलिन शिकली होती. समोर कागद ठेवला की छापल्यासारखं वाजवायची. डॉक्टरांनीच शिकवलेलं.

"तुझा हात चांगला आहे," आत्या म्हणाली. "कान कुठे आहे?"

प्रश्न टोचणारा होता, पण खोटा नव्हता. या गाण्यात गवई राग सांगून सुरुवात करत नाही. निदान आत्या तरी नाही. ती डोळे मिटते आणि आलापी सुरू करते. साथीच्या माणसानं पहिल्या दोन-तीन स्वरवाक्यांत राग ओळखायचा, सावलीसारखं मागे जायचं, आणि ती थांबली की त्याच रागात एकट्यानं पुढे वाजवायचं. वीस वर्षांत तिनं डॉक्टरांनासुद्धा एकदाही आधी सांगितलं नव्हतं. आणि मोजपट्टीला कागद नसेल तर कल्याणी आणि तोडी सोडून फारसं काही ओळखता येत नव्हतं.

"शिकते ना," मोजपट्टी म्हणाली. "राग म्हणजे स्वरांचे ठरावीक संचच ना. मर्यादित गोष्ट आहे."

डॉक्टरांनी छताकडे बघितलं. काकांनी वर्तमानपत्र परत वर घेतलं, पण पान उलटलं नाही.

आत्यानं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी, त्याच सभागृहात. मी पाच राग गाईन. व्हायोलिन पेटीतच ठेवायचं, नाहीतर तुझी बोटं तारेला गुपचूप विचारतील. फक्त ऐकायचं आणि सांगायचं. एक चुकला तर चालेल. दोन चुकले तर मी लायब्ररीला नाही म्हणून कळवेन आणि तू तोंड पाडायचं नाहीस."

"मान्य."

"एवढ्यात मान्य म्हणू नकोस. आधी ऐकून बघ."

*

मोजपट्टीला कामाची एक पद्धत माहीत होती आणि ती पद्धत तिला रोज पगार मिळवून देत होती. नमुना घ्यायचा, त्यात काय काय आहे ते मोजायचं, आकडे तक्त्यात बसवायचे, नाव सांगायचं. विहिरीचं पाणी, बोअरचं पाणी, नळाचं पाणी. क्षार अमुक, क्लोराइड तमुक. रागांचं काय वेगळं असणार?

तिनं एक मोठा तक्ता केला आणि आपल्या खोलीच्या दारावर चिकटवला. उभे रकाने बारा स्वरांचे, आडव्या ओळी रागांच्या. फोनवर सूर मोजणारं ॲप घेतलं. आत्या सकाळी रियाजाला बसली की ही दाराआड फोन धरून उभी. कुठला स्वर आहे, कुठला नाही, चढताना काय, उतरताना काय. पहिल्या आठवड्यात तिनं कल्याणी, तोडी, शंकराभरणम्, खरहरप्रिया असे आठ राग बिनचूक सांगितले आणि आंघोळीला जाता जाता काकांना म्हणाली, "हे फार सोपं आहे हो. लोक उगाच घाबरतात."

"मग मीही ओळखू शकेन?" काकांनी विचारलं. काकांना दाराची बेल आणि फोनची रिंग यातला फरक कळायला वेळ लागायचा.

"ॲप वापरलं तर नक्की."

दुसऱ्या दिवशी आत्यानं तिला समोर बसवलं आणि दोन आलाप गायले. आधी एक, मग दुसरा. मोजपट्टीनं तक्ता मनात धरला. चढताना पाच स्वर, उतरताना सात. दोन्हींत तेच. एकही स्वर इकडचा तिकडे नाही.

"दोन्ही आरभी," ती म्हणाली.

"पहिला आरभी. दुसरा देवगांधारी."

"पण स्वर तेच आहेत. मी मोजले."

"तेच आहेत," आत्या म्हणाली. "तू रागाचं रक्त तपासतेस ग. तोंडाकडे बघतच नाहीस."

त्या वाक्यानं मोजपट्टीचं दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. पण तिला राग आला नव्हता. तिला आश्चर्य वाटत होतं. दोन नमुन्यांत घटक तेच, प्रमाणही जवळपास तेच, आणि तरी आत्याला अर्ध्या सेकंदात कळतं की हे पाणी वेगळ्या विहिरीचं आहे. म्हणजे मोजण्यासारखं अजून काहीतरी होतं जे ती मोजतच नव्हती. संध्याकाळी ती सरळ डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली.

प्लास्टरमुळे डॉक्टर स्वतः काही करत नव्हते. त्यांची मदतनीस डॉक्टर दात साफ करत होती आणि हे शेजारी उभे राहून सूचना देत होते. खुर्चीत एक पोरगेलासा ट्रकचालक तोंड वासून पडला होता.

"दोघी जुळ्या बहिणी आहेत असं समज," डॉक्टर मास्कमधून म्हणाले. "आरभी जिना उतरते ना, तर दोन-दोन पायऱ्या एकदम. ऐक." त्यांनी गुणगुणून दाखवलं. आवाज मास्कमधून येत होता, पण उडी कळली. "आता देवगांधारी. ती प्रत्येक पायरीवर थांबते, कठड्याला हात लावते, वर बघते, मग खाली. ऐक."

मोजपट्टीनं डोळे मिटले. आणि तिला दिसलं. खरंच दिसलं. तोच गंधार, पण दुसऱ्या वेळी तो जागच्या जागी झोके घेत होता, निघायचं नाव घेत नव्हता.

"परत," ती म्हणाली.

डॉक्टर परत गुणगुणले. मग तिला न सांगता त्यांनी क्रम उलटा केला. "आता?"

"देवगांधारी."

"आता?"

"आरभी. आता परत आरभी. आता... देवगांधारी. डॉक्टर, हे मला कळतंय."

खुर्चीतल्या ट्रकचालकानं हात वर केला. मदतनीस थांबली. त्यानं चूळ भरली आणि म्हणाला, "दुसरं गाणं ठेवा डॉक्टरसाहेब. पहिल्याला या बाईंचा हात पण जोरात चालतो."

त्या रात्री मोजपट्टीनं दारावरच्या तक्त्यात एक रुंद रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं: चाल.

*

पुढचे दिवस तिला आठवतात ते असे, की जणू कुणीतरी शहरावरचं एक झाकण काढलं होतं. बसमध्ये कुणाच्या तरी फोनवर दोन ओळी वाजल्या आणि तिनं मागच्या सीटकडे वळून "सहाना" असं मोठ्यानं म्हटलं, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "माझं नाव सहाना नाही." प्रयोगशाळेत ती परीक्षानळ्या धुताना कांबोजी गुणगुणायची. आत्या भाजी फोडणीला टाकताना बेगडाचा एक तुकडा गायची आणि ही दुसऱ्या खोलीतून नाव सांगायची. बरोबर असेल तर आत्या काहीच बोलायची नाही. चुकलं तर झारा कढईवर एकदा वाजायचा. झारा वाजणं कमी कमी होत गेलं.

डॉक्टर रोज दुपारी फोन करून तीन स्वर गुणगुणायचे आणि उत्तर ऐकून फोन ठेवायचे. एकदा चुकून त्यांनी विमा कंपनीला फोन लावला आणि तिथल्या माणसाला नाटकुरंजी ऐकवली. "तो बिचारा म्हणाला, एक दाबा," डॉक्टर सांगत होते.

आणि मग, परीक्षेला जेमतेम आठवडा उरलेला असताना, हिंदोळम् झालं.

रविवारची दुपार होती. मोजपट्टी बाहेरून आली, चपला काढल्या, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. आत्या टेबलाशी बसून शेंगा सोलत गात होती. गाणं आधीच रंगात आलेलं. मोजपट्टी फ्रिजला टेकून बाटली तोंडाला लावणार, तोच तिला तो राग इतका स्वच्छ ऐकू आला की तिनं बाटली खाली ठेवली. गंभीर, खोल, पंचम नसलेला राग. ज्याला हिंदुस्थानी परंपरेत मालकंस म्हणतात, त्याच स्वरांचा.

"हिंदोळम्," ती म्हणाली.

आत्याचा हात शेंगेवरच थांबला. "काय म्हणालीस?"

"हिंदोळम्. शंभर टक्के."

"मी मोहनम् गातेय."

मोजपट्टीला वाटलं, आत्या थट्टा करतेय. मोहनम्. म्हणजे भूपाचे स्वर. उजळ, हसरा, मुलांनासुद्धा पहिल्या महिन्यात शिकवतात तो. हिंदोळम् आणि मोहनम् यांची गल्लत म्हणजे जुळ्या बहिणींची गल्लत नव्हे, ते म्हणजे आजोबांना शेजारची मुलगी समजणं.

"मला पण मोहनम्च वाटला," काका दारातून म्हणाले.

"तुम्हाला मोहनम् म्हणजे काय ते माहीत आहे का?" आत्यानं विचारलं.

"नाही. पण हसरा होता एवढं कळलं."

आत्यानं शेंगांचं टोपलं बाजूला सारलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त थकल्यासारखी दिसली. "चूक तुझी नाही," ती म्हणाली. "एका महिन्यात होत नाही हे. मीच हट्टाला पेटले. उद्या लायब्ररीला कळवून टाकू. त्यांना दुसरा कुणी शोधायला वेळ तरी मिळेल."

मोजपट्टी आपल्या खोलीत गेली, पलंगावर बसली, दारावरच्या तक्त्याकडे बघत राहिली. हिंदोळम्ची ओळ. मोहनम्ची ओळ. दोघांत पाच-पाच स्वर. हिंदोळम्मध्ये जे कोमल, ते मोहनम्मध्ये नाहीतच. गोंधळ व्हायला जागाच नव्हती.

तिथेच तिचं डोकं अडलं. गोंधळ व्हायला जागा नव्हती आणि तिचा गोंधळ झालाही नव्हता. तिला अंधुक ऐकू आलं नव्हतं, तिनं अंदाजपंचे ठोकलं नव्हतं. तिला हिंदोळम् ऐकू आला होता, लख्ख. प्रयोगशाळेत एखादा आकडा अशक्य निघाला तर तिच्या साहेबांची एक सवय होती: नमुन्याला दोष देण्याआधी उपकरण कुठे ठेवलं होतं ते बघायचं. उपकरण म्हणजे तिचा कान. कान कुठे होता?

फ्रिजला टेकलेला.

ती उठली ती जवळजवळ धावतच. आत्या अजून टेबलाशीच होती. "आत्या, परत गा. तेच. तसंच."

"अगं पुरे आता."

"एकदा. मग तू लायब्ररीला काय हवं ते कळव."

आत्या गायला लागली. मोजपट्टी फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. हिंदोळम्. तिनं वाकून भिंतीतला प्लग उपटला. घुर्र असा जो आवाज कधीच कुणाच्या लक्षात आला नव्हता तो थांबला आणि स्वयंपाकघर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. आत्या तेच गात होती. मोहनम्. उजळ, हसरा, अगदी पाटीवर लिहिल्यासारखा. तिनं प्लग परत घातला. कंप्रेसर चालू व्हायला वेळ लागला. तोवर मोहनम्, आणि घुर्र सुरू झालं की तिच्या डोळ्यांदेखत, किंवा कानांदेखत, तो काळवंडून हिंदोळम् झाला.

"काका, इकडे या. इथे टेका."

"मी कशाला?"

"तुम्हाला काही कळत नाही म्हणूनच. टेका आणि सांगा, हसरं आहे का?"

काका टेकले. ऐकलं. कपाळाला आठ्या पडल्या. "नाही. हे कुणीतरी आजारी असल्यासारखं आहे." तिनं प्लग उपटला. काकांनी फ्रिजकडे मान वळवून बघितलं, मग आत्याकडे. "आता बरं वाटलं त्याला."

मोजपट्टीनं फोन काढला. तंबोरा बाहेरच्या खोलीत होता, स्वयंपाकघरात नव्हता. आत्या आपल्या नेहमीच्या सा वर गात होती. वयानं तो थोडा खाली उतरलेला: एकशे साठ हर्ट्झ. मग तिनं फोन फ्रिजला लावला. घुर्रमधला सगळ्यात ठळक सूर: दोनशे.

"एकशे साठ आणि दोनशे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "चारास पाच. आत्या, चारास पाच म्हणजे गंधार. तुझा फ्रिज तुझ्या गंधारात घुरघुरतो. मी आले तेव्हा तू मधेच होतीस, तंबोरा नव्हता, माझ्या कानानं फ्रिजलाच सा धरलं. तुझ्या ग ला सा धरून तेच पाच स्वर मोजले की..." ती टेबलावर बोटानं आकडे मांडायला लागली. "...कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. हिंदोळम्. मी चुकले नाही. म्हणजे चुकले, पण बरोबर चुकले."

आत्या इतकी हसली की शेंगांचं टोपलं कलंडलं. "अगं वेडे," ती म्हणाली, "याला नाव आहे. ग्रहभेद. सा चं घर बदललं की तेच स्वर दुसरा राग होतात. मोठे मोठे गवई भर मैफलीत हे मुद्दाम करतात आणि लोक माना डोलवतात. आमच्याकडे फ्रिज करतो."

"पाच स्वरांतून पाच राग निघायला हवेत मग."

"निघतात. चार तरी वाजते गाजते आहेत. पण ऐक." आत्यानं शेंगा गोळा करता करता हसणं आवरलं. "तुझं कुठे अडतं ते आज मला कळलं. तू बाकी सगळे स्वर मोजतेस आणि सा कुणीतरी आणून देईल असं समजतेस. कधी तंबोरा देतो, कधी फ्रिज. सा आपला आपण धरायचा असतो. बाहेर काहीही घुरघुरलं तरी."

"लायब्ररीला कळवायचं?"

"रविवारी कळवू," आत्या म्हणाली. "काय कळवायचं ते रविवारी ठरेल."

काका फ्रिजचं दार उघडून आत बघत होते. "माझं आइस्क्रीम," ते म्हणाले, "आता दुसऱ्या रागात गेलंय."

*

त्या आठवड्यात मोजपट्टीनं तक्त्याकडे बघितलंच नाही. तिनं एकच गोष्ट केली. सकाळी निघताना तंबोऱ्यावरून आत्याचा सा घ्यायचा आणि तो डोक्यात धरून दिवस काढायचा. बसचं इंजिन वेगळ्या सुरात, प्रयोगशाळेतलं पाणी ढवळणारं यंत्र वेगळ्या, जिन्यातला दिवा वेगळ्या. प्रत्येक यंत्र स्वतःचा सा पुढे करत होतं, भाजीवाल्यानं माल पुढे करावा तसा, आणि ती नको म्हणत होती. थांब्यावर उतरली की हळूच सा गुणगुणायची आणि ॲपला विचारायची. सोमवारी एकशे एकोणसत्तर. बसच्या इंजिनानं ओढलेला. बुधवारी एकशे त्रेसष्ट. शनिवारी तिनं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा फरक एका हर्ट्झच्या आत होता. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बाळ, फोनला गाऊन दाखवतेस? तो काय म्हणतो?" "बरोबर म्हणतो, आजोबा," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसत निघाली.

रविवारी लायब्ररीच्या सभागृहात खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. हवा खेळती ठेवणारा पंखा वरून एकसुरी आवाज करत होता. मोजपट्टीनं तो ऐकला आणि सोडून दिला. काका आणि डॉक्टर पहिल्या ओळीत बसले. डॉक्टरांनी आधीच जाहीर केलं की ते डोळे मिटून बसणार, नाहीतर त्यांच्या तोंडावरून उत्तर कळेल. आत्यानं मंचावर आपलं आसन टाकलं, तंबोरा लावला. दुसरं आसन गुंडाळून भिंतीशी उभं होतं. मोजपट्टी समोर जमिनीवर बसली. व्हायोलिन पेटीत.

पहिला कल्याणी. दुसऱ्या वाक्याला तिनं सांगितलं. दुसऱ्याला तिनं मुद्दाम एक वाक्य जास्त ऐकलं, जिना उतरणारी बाई कठड्याला हात लावते का ते बघितलं, आणि म्हणाली, "देवगांधारी." तिसरा तोडी. तिचं तिलाच ऐकू येत होतं की आपण आता स्वर मोजतच नाही, आपण नुसत्या ओळखीच्या माणसाला हाक मारतोय. या आनंदात ती चौथ्याला घाईनं म्हणाली, "दरबार."

तंबोरा वाजत राहिला. पहिल्या ओळीतून डॉक्टरांच्या तोंडून, डोळे मिटलेलेच असताना, हवा गेलेल्या टायरसारखा आवाज निघाला.

"नायकी," आत्या म्हणाली. "एक वाक्य थांबली असतीस तर कळलं असतं. आता चुकायला एकही उरला नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

आत्यानं पाणी घेतलं. डोळे मिटले. पाचवा राग सुरू झाला. उजळ, हसरा. मोहनम्. मोजपट्टीनं तोंड उघडलं आणि मिटलं. इतका सोपा राग आत्या शेवटी ठेवणार नाही. ती थांबली.

आत्या गंधारावर आली. तिथे रेंगाळली. परत आली. परत गंधार. ती त्याच्याभोवती फिरू लागली, जणू तिथेच बिऱ्हाड टाकायचं आहे. मग गाता गाता तिनं डावा हात पुढे केला आणि तंबोऱ्याचं बटण फिरवून आवाज बंद केला. सभागृहात आत्याचा आवाज आणि वरचा पंखा एवढंच उरलं. आणि मोहनम् काळवंडला. तो खोल झाला, गंभीर झाला, हिंदोळम्ची ती उतरती वळणं आली, एक, दोन, तीन, इतकी अस्सल की काकांनी खुर्चीत मागे वळून फ्रिज कुठे आहे ते बघितलं.

मोजपट्टीनं खाली बघितलं नाही, बोटं मोजली नाहीत. तिनं फक्त सकाळचा सा धरून ठेवला. त्याच्यावर सगळ्या बाजूंनी ओढ येत होती. प्रत्येक वळण म्हणत होतं, सा इथे आहे, इकडे ये. बसच्या इंजिनानं जेवढं ओढलं होतं त्याच्या दहापट. तिला वाटलं, सुटतोय. सुटला नाही.

आत्या थांबली. डोळे उघडले.

"राग?"

"मोहनम्," मोजपट्टी म्हणाली. "मधे तू ग वर घर केलंस. हिंदोळम् दाखवलास. पण गेली नाहीस कुठे. मोहनम्मध्येच होतीस."

"सा दे."

तिनं श्वास घेतला आणि सा दिला. लांब, सरळ, न हलणारा. आत्यानं त्यावर हात हलवून चालू ठेव अशी खूण केली आणि बटण हळूहळू उलटं फिरवलं. तंबोरा उगवला. दोन सूर थोडे जरी वेगळे असतील तर त्यांच्यात एक थरथर ऐकू येते, कुणीतरी हळूच चादर झटकावी तशी. मोजपट्टीला तिचं शास्त्र माहीत होतं. ती त्या थरथरीची वाट बघत गात राहिली. डॉक्टरांनी डोळे उघडले. काकांनी सुद्धा मान तिरकी केली.

थरथर आली नाही. तिचा आवाज तंबोऱ्यात विरघळला आणि तिचं तिलाच कळेना, कुठे ती संपते आणि कुठे तो सुरू होतो.

श्वास संपल्यावर ती थांबली.

"तंबोरा बंद केला तेव्हा काय केलंस?" आत्यानं विचारलं.

"प्लग उपटला," मोजपट्टी म्हणाली.

डॉक्टर आपला प्लास्टरमधला हात टाळीसाठी उचलायला गेले, आणि "आई ग" म्हणून परत खाली ठेवला. "मी म्हणालो नव्हतो?" ते काकांना म्हणाले. "काहीच म्हणाला नव्हतात," काका म्हणाले.

"ते आसन आण," आत्या म्हणाली. "व्हायोलिन काढ. आणि आता लाव, नुसती बघत काय बसलीस? आपल्याकडे एकच आठवडा आहे."

मोजपट्टीनं भिंतीशी उभं असलेलं आसन आणून डॉक्टरांच्या नेहमीच्या जागी अंथरलं. आत्यानं मान हलवली, हात लांब करून आसनाचं टोक धरलं आणि ते स्वतःकडे ओढून घेतलं.

"गज कोपराला लागेल तुझ्या," डॉक्टर खालून म्हणाले. "वीस वर्षं मला दूर बसवलंस."

"लागू दे," आत्या म्हणाली.

मोजपट्टीनं व्हायोलिनची पेटी उघडली. राळेच्या डबीखालून टेप काढली, एक टोक आत्याच्या आसनाच्या कडेला लावलं, दुसरं आपल्या, आणि वाकून बघितलं.

चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.